मॅकफर्सन : पाच मार्कांच्या प्रश्नामागचा माणूस

मेकॅनिकलच्या कुठल्याही पोराला भर झोपेतून उठवून सस्पेन्शनचे प्रकार विचारा, तो डोळे न उघडता पहिलं नाव मॅकफर्सन स्ट्रटचं घेईल. आकृतीही ठरलेली. वर एक गोल टोपी, खाली स्प्रिंग, स्प्रिंगच्या पोटात शॉकअप, त्याखाली आडवा लोअर आर्म आणि बाजूला एक अर्धवट काढलेलं चाक. पाच मार्कांचा प्रश्न, त्यातले तीन मार्क आकृतीलाच. पण हा मॅकफर्सन कोण, कुठला, त्याने हे का केलं, हे आपल्याला कुणी विचारत नाही आणि आपणही कुणाला विचारत नाही. वॅट, डिझेल, ऑटो यांच्या निदान जन्मसाली तरी आपण पाठ करतो. मॅकफर्सन मात्र आपल्यासाठी एका पार्टचं नाव होऊन बसलाय.

मी बीड जिल्ह्यातल्या केजचा. आमच्याकडे रस्ता म्हटलं की एका बाजूला उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या आणि दुसऱ्या बाजूला दर वस्तीपुढे मनाला येईल तसा घातलेला स्पीडब्रेकर. अशा गावात मोठा झालेल्या माणसाला सस्पेन्शनचं महत्त्व पुस्तकाच्या आधी कमरेला कळतं. तरीही मला मॅकफर्सनमध्ये खरा रस वाटायला लागला तो चुलतभावाच्या एका जुन्या मारुती ८००मुळे. ती गोष्ट पुढे येईलच. आधी माणूस समजून घेऊ.

अर्ल स्टील मॅकफर्सन यांचा जन्म ६ जुलै १८९१चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, शिकागोजवळच्या हायलंड पार्क या गावी. ते सतरा वर्षांचे असताना, १९०८ साली, हेन्री फोर्डची मॉडेल टी बाजारात आली. म्हणजे मोटारगाडी ही श्रीमंताच्या दारातली वस्तू न राहता शेतकऱ्याच्या अंगणात येऊ शकते, हे ज्या पिढीने ऐन वयात डोळ्यांनी पाहिलं, त्या पिढीचा हा माणूस. इलिनॉय विद्यापीठातून १९१५ साली ते पदवी घेऊन बाहेर पडले आणि थेट डेट्रॉईटला चामर्स मोटर कंपनीत लागले. तेव्हाचं डेट्रॉईट म्हणजे आजच्या भाषेत कॅम्पस प्लेसमेंटचा स्वर्ग! गल्लोगल्ली मोटार कंपन्या होत्या. आज त्यातल्या बहुतेकांची नावंसुद्धा उरलेली नाहीत.

पहिल्या महायुद्धात त्यांनी अमेरिकन लष्करासाठी विमानांच्या इंजिनांवर काम केलं. विमानाचं इंजिन माणसाला एक गोष्ट फार चांगली शिकवतं : वजन फुकट मिळत नाही. प्रत्येक जादा किलोचा हिशोब द्यावा लागतो. पुढे त्यांनी जे केलं त्यात हा हिशोबीपणा जागोजागी दिसतो. युद्धानंतर लिबर्टी कंपनी आणि मग १९२३पासून हपमोबिल. हपमोबिलमध्ये त्यांनी अकरा वर्षं काढली. १९२९च्या मंदीनंतर लहान कंपन्यांचे हाल सुरू झाले आणि १९३४ साली मॅकफर्सन जनरल मोटर्समध्ये दाखल झाले. वय वर्षं त्रेचाळीस. तोवर त्यांच्या नावावर जग लक्षात ठेवील असं काहीही नव्हतं. सेकंड इयरला एक विषय राहिला तर आयुष्य संपलं असं वाटणाऱ्या आपल्या मजल्यावरच्या मंडळींनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

ज्या वर्षी ते जनरल मोटर्समध्ये आले, त्याच वर्षी या कंपनीने आपल्या गाड्यांना पुढून इंडिपेंडंट सस्पेन्शन द्यायला सुरुवात केली होती. त्याआधी पुढची दोन्ही चाकं एकाच अखंड ॲक्सलवर आणि खाली पाटे, बैलगाडीच्या आसासारखं. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंही वाकडं होणार. इंडिपेंडंट म्हणजे ज्याचा खड्डा त्याने सोसायचा. पण त्यासाठी प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म, मध्ये स्प्रिंग, शॉकअप वेगळा, आणि हे सगळं पेलायला जड चासी. आपल्याकडची जुनी प्रीमियर पद्मिनी कुणी खाली वाकून पाहिली असेल तर हा पसारा लक्षात येईल. मोठ्या गाडीला हे परवडतं. लहान, स्वस्त गाडीला वजनाने आणि किमतीने दोन्हीकडून मारतं.

१९४५ साली दुसरं महायुद्ध संपलं. पहिल्या युद्धानंतर मंदी आली होती, तशी आताही येईल आणि लोकांना स्वस्त गाडी लागेल, असा जनरल मोटर्सचा अंदाज होता. म्हणून शेवरले विभागात एक हलकी मोटार बनवायचा प्रकल्प सुरू झाला आणि त्याची सूत्रं मॅकफर्सन यांच्या हाती आली. गाडीचं नाव पुढे कॅडेट पडलं. अटी साध्या आणि कठोर होत्या. किंमत हजार डॉलरच्या आत, वजन हजार किलोच्या आसपास, आणि बसायला चार माणसांना ऐसपैस. व्हीलबेस १०८ इंच, म्हणजे पावणेतीन मीटरला किंचित कमी. (मारुती ८००चा व्हीलबेस २१७५ मिलिमीटर. अमेरिकेतली लहान गाडी म्हणजे काय, हे यावरून समजा!)

स्वस्त म्हणजे कळकट, हे मॅकफर्सन यांना मान्य नव्हतं. त्यांना स्वस्त गाडीतही चारही चाकं स्वतंत्र हवी होती. पैसा आणि वजन तर वाढवायचं नाही. मग उपाय एकच, भाग कमी करायचे. शॉकअप गाडीत असणारच आहे, मग त्यालाच जाड आणि दणकट करून चाकाच्या नकलला घट्ट बोल्ट मारला तर? त्याचं वरचं टोक सरळ बॉडीत रबराच्या बैठकीवर टेकवलं तर? स्प्रिंग त्याच्याच भोवती गुंडाळली तर? वरचा आर्म आपोआप रद्द. स्टेअरिंग फिरवलं की अख्खा स्ट्रट स्वतःभोवती फिरतो, म्हणजे वरचा बॉल जॉइंटही रद्द. खाली एकच आर्म आणि त्याला पुढेमागे धरून ठेवायला अँटीरोल बारचाच उपयोग. एका भागाकडून दोन-तीन भागांचं काम करून घ्यायचं. आपल्याकडे घरातली कर्ती बाई एकाच पातेल्यात भात, त्याच वाफेवर डाळ आणि वरच्या झाकणावर पाणी तापवते, तसंच हे.

सगळंच त्यांनी शून्यातून काढलं असं मी म्हणणार नाही. १९२०च्या दशकाच्या मध्यात फियाटच्या ग्विदो फोर्नाका यांनी या जातीची रचना मांडली होती. कल्पनेचे धागे आधीपासून होते. ते एकत्र विणून, लाखोंनी बनवता येईल असं कापड मॅकफर्सन यांनी तयार केलं. इंजिनिअरिंगमध्ये बहुतेक मोठी कामं अशीच झालेली आहेत.

कॅडेटच्या नमुना-गाड्या बनल्या, रस्त्यावर धावल्या. आणि मग अंदाज उलटा पडला. मंदी आलीच नाही. युद्धात चार वर्षं गाड्या न मिळालेले लोक शोरूमपुढे रांगा लावून मिळेल ती मोठी गाडी मिळेल त्या भावाने घ्यायला लागले. पोलादाचा तुटवडा होताच. जेवढं पोलाद हाताशी आहे त्यात जास्त नफ्याची मोठी गाडी बनवायची की हजार डॉलरची छोटी? त्यात कॅडेटचा खर्चही ठरलेल्या आकड्यात बसेना. मे १९४७ मध्ये कंपनीने प्रकल्प गुंडाळला.

जरा विचार करा. वय पंचावन्न. बत्तीस वर्षांची नोकरी. आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खी गाडी आपल्या डोक्यातून उतरली, ती चालली, आणि विक्रीच्या गणितात ती बसत नाही म्हणून बंद झाली. तांत्रिक चूक असती तर ती दुरुस्त तरी करता आली असती. मॅकफर्सन यांनी त्याच वर्षी मार्चमध्ये या सस्पेन्शनच्या पेटंटसाठी अर्ज केलेला होता, पण तो कंपनीच्या नावाने. म्हणजे कल्पना त्यांची, मालकी जनरल मोटर्सची. ते पेटंट १९५३ साली मंजूर झालं, तोवर हे साहेब कधीच दुसऱ्या कंपनीत पोचले होते.

ती दुसरी कंपनी म्हणजे फोर्ड. म्हाताऱ्या हेन्रीचा नातू हेन्री फोर्ड दुसरा १९४५ साली गादीवर आला होता आणि मोडकळीला आलेली कंपनी सावरण्यासाठी जनरल मोटर्समध्ये तयार झालेली माणसं गोळा करत होता. इंजिनिअरिंगची जबाबदारी हॅरोल्ड यंगरेन यांच्याकडे होती. त्यांनी बोलावलं आणि सप्टेंबर १९४७ मध्ये मॅकफर्सन फोर्डमध्ये गेले. डोक्यात स्ट्रट होताच. फोर्डसाठी त्यांनी त्याच कल्पनेचं सुधारलेलं रूप तयार केलं आणि १९४९ साली त्याच्या वेगळ्या पेटंटचा अर्ज केला.

ऑक्टोबर १९५०, लंडनचं मोटार प्रदर्शन. ब्रिटिश फोर्डने कॉन्सल आणि झेफर या दोन गाड्या पडद्याआडून बाहेर काढल्या. दोन्हीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट. वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. हे दोन्ही एकमेकांसाठीच बनल्यासारखे होते, कारण स्ट्रटला वर टेकायला उंच आणि मजबूत बैठक लागते आणि ती अखंड बॉडीत पत्र्याच्या घड्यांमधूनच तयार करता येते. जी कल्पना डेट्रॉईटमध्ये फाईलबंद झाली, ती समुद्र ओलांडून इंग्लंडच्या रस्त्यावर धावायला लागली. तीही प्रतिस्पर्धी कंपनीच्या गाडीत!

१९५२ साली मॅकफर्सन फोर्डच्या इंजिनिअरिंगचे प्रमुख झाले, उपाध्यक्षपदापर्यंत चढले आणि १९५८ साली निवृत्त झाले. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या फोर्ड गाड्यांना त्यांच्या कारकिर्दीत स्ट्रट बसला नाही. तिथे पेट्रोल स्वस्त, रस्ते रुंद, गाड्या बोटीएवढ्या. जागा आणि वजन वाचवायची गरजच कुणाला? २६ जानेवारी १९६० रोजी ते वारले. वय अडुसष्ट. आपलं नाव जगभरच्या गॅरेजांत रोज घेतलं जाईल, हे पाहायला ते राहिले नाहीत.

ते घडलं पुढच्या दोन दशकांत. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या छोट्या गाड्या आल्या. इंजिन आडवं बसवायचं, दोन्ही बाजूंनी ड्राइव्ह शाफ्ट काढायचे, तर मध्ये जागा हवी. वरचा आर्म नसलेला स्ट्रट ही जागा आयती मोकळी करून देतो. १९७२ची होंडा सिव्हिक, १९७४ची फोक्सवॅगन गोल्फ, दोन्हीला पुढे हाच स्ट्रट. आणि डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० आपल्या देशात रस्त्यावर उतरली, तिच्याही पुढच्या चाकांवर तोच. पुण्यात बनलेली १९९८ची इंडिकासुद्धा त्याच घराण्यातली. हजार डॉलरच्या गाडीसाठी केलेली काटकसर अखेर तिच्या खऱ्या गिऱ्हाइकाकडे, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा गाडी घेणाऱ्या मध्यमवर्गीय घराकडे पोचली. बंद झालेल्या कॅडेटची नातवंडं केजच्या बसस्टँडसमोर उभी राहून अंबाजोगाईचं गिऱ्हाईक हाकारू लागली, असं म्हटलं तरी चालेल.

आता दादाच्या मारुतीकडे वळू. मारुती ८००चं उत्पादन २०१४च्या जानेवारीत थांबलं, पण आमच्या भागात ती अजून ठणठणीत चालते. माझ्या चुलतभावाने एक घेतली, लाल रंग मारला, आणि ती रोडवर चिकटून चालावी म्हणून शहरातल्या एका गॅरेजात नेऊन खाली बसवून आणली. तिथे चारही बाजूंच्या स्प्रिंगा गॅस कटरने कापल्या. पुढचं एक-दीड वेटोळं गेलं. गाडी दिसायला झकास झाली, खोटं कशाला बोलू! पण चार महिन्यांत पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने गुळगुळीत झाले, तारा दिसायला लागल्या. हात सोडला की गाडी एका बाजूला पळायची. काकूंना दवाखान्यात नेताना स्पीडब्रेकरवर असा दणका बसला, की त्यांनी पुन्हा त्या गाडीत बसायचं नाव काढलं नाही. टायरच्या आतल्या बाजूच्या तारा उघड्या पडलेल्या असताना त्याच गाडीने मांजरसुंब्याचा घाट उतरायचा, हा विचार आला की मला आजही बरं वाटत नाही.

सुट्टीत मी गाडीखाली शिरलो तेव्हा पुस्तकातली आकृती पहिल्यांदा जिवंत झाली. मॅकफर्सन यांनी भाग कमी केले, म्हणजे उरलेल्या प्रत्येक भागाचा कोन दुप्पट महत्त्वाचा झाला. गाडी खाली आणली की लोअर आर्मचा कोन बदलतो. आर्म आतून बाहेर किंचित खाली उतरत असायला हवा. तो आडवा होतो, जास्त खाली आणलं तर बाहेरच्या टोकाला वर चढतो. त्याबरोबर चाकाचा वरचा भाग आत झुकतो, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर वाढतो. टाय रॉडचा कोनही बदलतो आणि चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळतात, म्हणजे टो बिघडतो. आत की बाहेर, हे रॅक ॲक्सलच्या पुढे आहे की मागे आणि टाय रॉडची लांबी-कोन काय, यावर ठरतं. दादाच्या गाडीत ती बाहेर वळली होती.

टायर मुख्यतः टो खातो, हे नीट लक्षात घ्या. एक साधं गणित करू. बारा इंची रिमच्या कडेवर मोजलं असता दोन्ही चाकं मिळून टो फक्त चार मिलिमीटरने चुकलाय, असं धरू. प्रत्येक चाकाच्या वाट्याला दोन मिलिमीटर. रिमचा व्यास सुमारे ३०५ मिलिमीटर. म्हणजे चाक दर किलोमीटरला सुमारे साडेसहा मीटर आडवं घासत जातं. शंभर किलोमीटरला साडेसहाशे मीटर! खोडरबर कागदावर साडेसहाशे मीटर घासल्यावर उरेल काय?

दुसरी गोष्ट स्प्रिंगची. मशीन डिझाईनला आपण घोकलंय, की हेलिकल स्प्रिंगचा कडकपणा चालू वेटोळ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहा वेटोळ्यांची स्प्रिंग कापून पाच केली की ती वीस टक्के कडक होते. वर गॅसच्या उष्णतेने कापल्या जागेजवळचा पोलादाचा पाणी दिलेला गुण जातो. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. आणि चाकाला वर जायला उरलेली जागाच कमी झालेली, त्यामुळे स्ट्रट लगेच बम्प स्टॉपवर आपटतो. काकूंच्या कमरेला बसलेला दणका तो हाच.

तिसरी गोष्ट सगळ्यात मजेची. गाडी खाली आणली की ती वळणावर कमी झुकणार, असं सगळ्यांना वाटतं. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये गाडी खाली गेली की गुरुत्वमध्य जेवढा खाली येतो, त्यापेक्षा रोल सेंटर जास्त वेगाने खाली जातं. आकृती काढून बघा : स्ट्रटच्या वरच्या टोकातून स्ट्रटला काटकोनात एक रेघ, लोअर आर्मच्या दिशेने दुसरी रेघ, दोन्ही जिथे मिळतात तिथून टायरच्या टेकण्याच्या बिंदूला तिसरी रेघ. ही तिसरी रेघ गाडीच्या मध्यरेषेला जिथे छेदते, ते रोल सेंटर. आर्म आडवा किंवा उलटा झाला की हा बिंदू झपाट्याने खाली सरकतो. रोल सेंटर आणि गुरुत्वमध्य यांच्यातलं अंतर वाढतं, म्हणजे गाडी झुकवणारा दांडा लांब होतो. वर, आर्म स्ट्रटशी काटकोन ओलांडून गेला की चाक वर जाताना कॅम्बर निगेटिव्हकडे जायचा थांबून उलटा फिरतो, नेमका वळणावर हवा असतो तेव्हाच. दिसायला रेसची गाडी, वळायला टमटम!

याचा अर्थ गाडी खाली आणूच नये असं नाही. थोडी, म्हणजे वीस-पंचवीस मिलिमीटरपर्यंत, त्या गाडीसाठी हिशोब करून बनवलेल्या आखूड स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉकअप घालून नीट करता येते. जगभर मोटार रेसिंगवाले ते करतात, आणि त्याबरोबर बॉल जॉइंट व टाय रॉडची जागाही सुधारतात. पण ते रेसट्रॅकवर. आपल्या रस्त्यावर मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करू देत नाही, हेही लक्षात असू द्या.

दादाच्या गाडीचं पुढे काय झालं? केजमधल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी नेली. मामांनी आयुष्यात इंजिनिअरिंगचं पुस्तक उघडलेलं नाही. मॅकफर्सन हा माणूस होता हे मी सांगितलं तेव्हा त्यांना मोठी गंमत वाटली. त्यांना वाटायचं ती एखादी कंपनी असेल. पण कामाचा क्रम त्यांना कुठल्याही प्राध्यापकाइतका पक्का ठाऊक होता. तो इथे लिहून ठेवतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

पहिल्यांदा कापलेल्या स्प्रिंगा काढून मूळ मापाच्या, दोन्ही बाजूंना जोडीने नव्या घातल्या. मग चाक उचलून हाताने हलवून पाहिलं. टाय रॉड एंडला खेळ होता, तो बदलला. बॉल जॉइंट, लोअर आर्मची बुशं, वरची रबरी बैठक आणि बेअरिंग तपासलं. ढिल्या सांध्यांवर केलेलं अलाइनमेंट म्हणजे हलत्या ताजव्यात तोललेलं सोनं. बुशांचे बोल्ट गाडी जमिनीवर चाकांवर उभी करून मगच शेवटचे आवळले, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं. चारही टायरमध्ये हवा सारखी केली. गाडी पुढेमागे ढकलून, दाबून बसू दिली. स्टेअरिंग बरोबर मध्यावर बांधलं. मागची चाकं सरळ आहेत याची खात्री करून दोन्ही बाजूंना समांतर दोरी ताणली आणि रिमच्या पुढच्या-मागच्या कडेचं अंतर पट्टीने मोजून टो जवळपास आणला. दोन्हीकडचे टाय रॉड सारखे फिरवायचे, नाहीतर गाडी सरळ आणि स्टेअरिंग तिरकं, अशी गत होते.

नंतर अंबाजोगाईला कॉम्प्युटरच्या मशीनवर नेऊन आकडे पाहिले. क्रम तिथेही तोच : आधी कॅस्टर आणि कॅम्बर, सगळ्यात शेवटी टो, कारण कॅम्बर बदलला की टो पुन्हा हलतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत कंपनीने फक्त टो फिरवायची सोय दिलेली असते. कॅम्बर चुकीचा आला तर स्क्रू शोधू नका. काहीतरी वाकलंय, झिजलंय किंवा कापलंय, ते शोधा. मामांच्या दोरीचं माप मशीनपेक्षा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरने वेगळं निघालं. मशीनवाल्या पोराने दोनदा तपासलं!

दादाचा चेहरा दोन दिवस पडलेला होता. गाडी पुन्हा आपल्या चारचौघींसारखी उंच झाली होती. पण टायर टिकले आणि मुख्य म्हणजे काकू पुन्हा पुढच्या सीटवर बसल्या.

मॅकफर्सन यांच्या रचनेत दोष नाहीत असं नाही. रस्त्याचा आवाज बॉडीत चढतो, स्ट्रट उंच असल्याने बॉनेट उंच ठेवावं लागतं, पिस्टनच्या दांड्यावर आडवा जोर येऊन घर्षण वाढतं. दोन आर्मवालं सस्पेन्शन कोनांच्या बाबतीत सरस असतं, म्हणूनच रेसच्या आणि महागड्या गाड्या ते वापरतात. मॅकफर्सन यांना हे कळत नव्हतं असं थोडंच आहे? त्यांनी ठरवलं, की थोडी उणीव चालेल, पण ही सोय हजार डॉलरच्या गाडीतही पोचली पाहिजे. कुठे सोडायचं आणि कुठे अजिबात सोडायचं नाही, हे ठरवण्याला मी इंजिनिअरिंग म्हणतो. त्यांनी भाग सोडले, कोन सोडले नाहीत. स्प्रिंग कापणारा नेमका त्यांनी राखलेल्या गोष्टीवरच कटर चालवतो.

आपल्यापैकी बरेच जण उद्या नोकरीला लागतील. कुणाचा प्रोजेक्ट मॅनेजरच्या एका ईमेलने बंद होईल, कुणाच्या डिझाईनवर कंपनीचं नाव लागेल, आपलं नाही. तेव्हा छप्पनाव्या वर्षी आपली गाडी बंद पडलेली पाहून कंपनी बदलणारा आणि तीच कल्पना पुन्हा ड्रॉइंग बोर्डावर घेणारा हा शांत माणूस आठवावा. त्याने कुणावर आगपाखड केल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. काम घेतलं आणि पुढे नेलं.

आणि हो, पार्किंगमध्ये सरांची एखादी छोटी गाडी बॉनेट उघडून उभी दिसली, तर इंजिनच्या दोन्ही बाजूंना पत्र्यातून डोकावणाऱ्या त्या दोन गोल टोप्या पाहून घ्या. आकृतीचे तीन मार्क कुठेच जाणार नाहीत. उरलेल्या दोन मार्कांसाठी कोन लिहायला विसरू नका.